‘कोणालाही जिवंत ठेवू नका’: ही आज्ञा ज्यू परंपरा कशी वाचते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘अनुवाद’ या तोराच्या (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या) पाचव्या पुस्तकाचे सातवा आणि विसावा हे अध्याय तुम्ही पहिल्यांदाच सलग वाचले. कनान देशातल्या सात राष्ट्रांचा समूळ नाश करा, दया करू नका, वेद्या पाडा, मूर्ती जाळा, कोणालाही जिवंत ठेवू नका. ज्यू लोक हे आजही देवाचे शब्द मानतात, तर मग ते हे वाचतात तरी कसे? आणि मूर्ती पुजणारे आम्ही त्यांच्या लेखी कोण?

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरातला. बरीच वर्षं मुंबई-ठाण्यात तोरा आणि तलमूदाचे वर्ग घेतो, आणि हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. त्यावर दोन सोपी उत्तरं मिळतात. एक, ‘त्या काळी सगळेच असे वागत.’ दुसरं, ‘हे सगळं रूपक आहे, शत्रू म्हणजे आपल्या मनातले विकार.’ मला दोन्ही पुरेशी वाटत नाहीत. पहिलं उत्तर देवाच्या आज्ञेला इतिहासाच्या अडगळीत टाकतं. दुसरं उत्तर त्या ओळीत खरी माणसं, खरी मुलं आहेत हे विसरायला लावतं. ओळी कठोर आहेत, हे आधी मान्य करायला हवं.

खरा प्रश्न वेगळा आहे. अशी आज्ञा पुस्तकात लिहिलेली असताना ती कोणाविरुद्ध, कुठे, कधी आणि कोणाच्या हुकमाने अमलात येऊ शकते? ज्यू परंपरेत नुसती ओळ वाचून कोणी कायदा ठरवत नाही. लिखित तोराबरोबर मौखिक तोरा असते. ती इ.स. २०० च्या सुमारास मिश्नात बांधली गेली, मग तलमूदात तिच्यावर शतकानुशतके वाद झाले आणि पुढे रंबाम (मैमोनिदेस) यांच्यासारख्या विद्वानांनी त्यातून नियमांचे ग्रंथ रचले. हे सगळं सोडून फक्त सातवा अध्याय उघडून ‘ज्यू धर्म असा आहे’ म्हणणं चूक आहे. पण हेही खरं की या परंपरेत एकच आवाज नाही. कोणता विद्वान घ्याल, प्रश्न इस्राएलच्या भूमीतला आहे की बाहेरचा, ज्यूंच्या हाती सत्ता आहे की नाही, यावर उत्तर बदलतं.

सुरुवात मूळ मजकुरापासूनच करू, कारण तिथेच ओळी एकमेकींना धक्के देतात. सातव्या अध्यायात दुसऱ्या ओळीत समूळ नाशाची आज्ञा आहे आणि लगेच तिसऱ्या ओळीत म्हटलंय, त्यांच्याशी सोयरीक करू नका. कोणी उरणारच नसेल तर सोयरीक कोणाशी? विसाव्या अध्यायात नगराला वेढा घालण्याआधी तहाचं बोलणं करा असं आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी वेढ्यात फळझाडं तोडू नका असंही आहे. पुढच्या पुस्तकांत तर कनानी लोक जागोजागी राहताना दिसतात. यरीहोची राहाब जिवंत राहते, गिबोनचे लोकही जिवंत राहतात. दावीद राजाच्या सैन्यातला उरीया हा हित्ती आहे, म्हणजे सातव्या अध्यायातल्या सात राष्ट्रांच्या यादीतल्या पहिल्याच राष्ट्रातला. आणि ज्या खळ्याच्या जागी पुढे यरुशलेमचं मंदिर उभं राहिलं ती जागा दाविदाने अरौना नावाच्या यबूसी माणसाकडून रीतसर विकत घेतली. अरौना फुकट देत होता, दाविदाने ते नाकारलं आणि रोख चांदी मोजली. यादीतला यबूसी जिवंत आहे, जमिनीचा मालक आहे आणि राजा त्याला किंमत देतो आहे. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो नंतरच्या कोणी भाष्यकाराने रचलेला नाही, पवित्र पुस्तकातच आहे.

रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, या फटी पाहिल्या आणि तिथून आत शिरले. यरुशलेम तलमूदात परंपरा आहे की इस्राएली लोकांचा नेता यहोशवा याने कनान देशात शिरण्याआधी तीन पत्रं पाठवली: ज्याला जायचं त्याने जावं, ज्याला तह करायचा त्याने करावा, ज्याला लढायचं त्याने लढावं. गिर्गाशी निघून गेले, गिबोनकरांनी तह केला, एकतीस राजे लढले आणि पडले. याच आधारावर बाराव्या शतकात रंबामने नियम लिहिला की जगातल्या कोणाशीही, मग ती सात राष्ट्रं का असेनात, तहाचा प्रस्ताव दिल्याशिवाय युद्ध करता येत नाही. रंबान (नाहमानिदेस) हा दुसरा मध्ययुगीन विद्वानही याच बाजूचा. राशी हा भाष्यकार मात्र वेगळं वाचतो: त्याच्या मते तहाची ओळ फक्त ऐच्छिक युद्धाला, म्हणजे दूरच्या नगरांना लागू आहे. पण तोच राशी पुढे त्याच विसाव्या अध्यायाच्या अठराव्या ओळीवर म्हणतो की त्यांनी पश्चात्ताप केला तर त्यांना स्वीकारता येतं. त्या ओळीत नाशाचं कारण दिलंय, ‘त्यांनी तुम्हाला आपली अमंगळ कृत्यं शिकवू नयेत म्हणून’. कारण उरलं नाही तर आज्ञाही उरत नाही, असा हा युक्तिवाद.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. रंबामच्या तहाला अटी आहेत: नोहाच्या वंशजांचे, म्हणजे सगळ्या मानवजातीसाठीचे, सात नियम पाळायचे (त्यात मूर्तिपूजा सोडणं आलंच), खंडणी द्यायची, अंकित राहायचं. आज आपण ज्याला समान नागरिकत्व म्हणतो ते हे नव्हे. मध्ययुगीन राजकारणाची चौकट त्यात स्पष्ट दिसते. तरीही ‘कोणालाही जिवंत ठेवू नका’ पासून ‘आधी तह विचारा’ पर्यंतचं अंतर मोठं आहे, आणि ते कायद्याच्या भाषेत, बांधील नियम म्हणून कापलेलं आहे. हुशार विद्यार्थी इथे हमखास विचारतात: तह शक्य होता तर गिबोनकरांनी फाटके कपडे घालून, शिळ्या भाकरी घेऊन दूरदेशी असल्याचं सोंग का केलं? रंबामने हा प्रश्न स्वतःच घेतलाय. त्यांनी आधी इतरांबरोबर तह नाकारला होता आणि आता दुसरी संधी मिळेल असं त्यांना वाटलं नाही, असं त्याचं उत्तर आहे.

आता सगळ्यात निर्णायक वळण, आणि ते युद्धाच्या चर्चेत आलेलंच नाही. मिश्नातल्या ‘यादयिम’ या भागात गोष्ट आहे. यहुदा नावाचा एक अम्मोनी (इस्राएलच्या शेजारच्या एका जुन्या राष्ट्रातला) माणूस ज्यू झाला आणि अभ्यासगृहात येऊन उभा राहिला: मला समाजात घेता येईल का? तोरामध्ये अम्मोनी माणसाला मनाई आहे. रब्बान गम्लिएल म्हणाले, नाही. रब्बी यहोशुआ म्हणाले, हो. कारण काय? अम्मोनी आता आपल्या जागी आहेत तरी कुठे! अश्शूरचा राजा सन्हेरीब आला आणि त्याने सगळ्या राष्ट्रांची सरमिसळ केली. कोण अम्मोनी आणि कोण नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. यहुदाला प्रवेश मिळाला.

म्हणजे दारात उभ्या असलेल्या एका माणसासाठी केलेला युक्तिवाद. पण त्याची व्याप्ती बघा. रंबामने सात राष्ट्रांबद्दल लिहिताना आज्ञा जशीच्या तशी ठेवली आणि पुढे जोडलं की त्यांचं स्मरणही केव्हाच नाहीसं झालं आहे. आज्ञा तोरातून खोडता येत नाही, ६१३ आज्ञांच्या मोजणीत तिचा क्रमांक आहे. पण तिचा रोख ज्यांच्यावर होता ते कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत. आजचा कोणताही शेजारी, कोणताही शत्रू, कोणताही मूर्तिपूजक ‘कनानी’ ठरू शकत नाही. ठरवण्याचा मार्गच बंद केलाय.

अशीच बांधणी अनुवादाच्या तेराव्या अध्यायातल्या ‘बहकलेल्या नगरा’ची. एखादं इस्राएली नगर मूर्तिपूजेकडे वळलं तर ते सगळं जाळून टाका, अशी ती आज्ञा. लक्षात घ्या, ही ज्यूंनी ज्यूंविरुद्ध करायची कारवाई आहे. मिश्नाने अटी घातल्या: ७१ जणांचं न्यायमंडळच निकाल देईल, नगर सीमेवरचं नसावं, बहुसंख्य लोक बहकलेले असावेत, बहकवणारे त्याच नगरातले असावेत. मग रब्बी एलिएझर म्हणतात की नगरात एक जरी मेझुझा असेल, म्हणजे दाराच्या चौकटीवर लावतात तो तोराच्या ओळींचा लेख, तरी ते नगर जाळता येत नाही, कारण त्यात देवाचं नाव आहे आणि ते जाळायला मनाई आहे. ज्यू नगरात एकही मेझुझा नाही असं होईल का? आणि मग तलमूदातलं ते स्पष्ट विधान: असं नगर कधी झालं नाही, कधी होणारही नाही. मग लिहिलं कशाला? अभ्यास करा आणि त्याचं फळ घ्या. त्याच पानावर रब्बी योनातान म्हणतात, मी असं नगर पाहिलंय, त्याच्या ढिगाऱ्यावर बसलोय. तलमूदाने त्यांचं म्हणणंही पुसलं नाही. मला या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. सोयीचं नसलेलं मतही पानावर राहतं.

इथपर्यंतचा गोषवारा: आज्ञा तशीच, पण आधी तह, कारण संपलं तर आज्ञा थांबते, ज्यांच्यावर रोख होता ते ओळखता येत नाहीत, आणि निकाल देणारं न्यायमंडळही आज नाही.

पण एक दार नीट बंद झालेलं नाही, आणि त्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे. ते म्हणजे अमालेक. मिसरमधून निघालेल्या थकल्याभागल्या इस्राएली लोकांवर, मागे पडलेल्या दुबळ्यांवर अमालेकाने हल्ला केला, त्याचं स्मरण पुसून टाका, असं अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात शौल राजाला ती आज्ञा प्रत्यक्ष मिळते: पुरुष, स्त्रिया, मुलं, तान्ही बाळं. शौल अमालेकांचा राजा अगाग याला आणि चांगल्या गुरांना वाचवतो आणि त्यासाठी राज्य गमावतो.

तलमूदातल्या ‘योमा’ या भागात शौल देवाशी वाद घालतो. एका अज्ञात माणसाचा खून झाला तरी तोरा कालवडीचा विधी करायला लावते, मग इतक्या जिवांचं काय? मोठ्यांनी पाप केलं असेल, लहानांनी काय केलं? म्हणजे तुम्हाला अध्याय वाचताना जो प्रश्न पडला तो रब्बींनी दीड हजार वर्षांपूर्वी शौलाच्या तोंडी घातला. आकाशवाणी उत्तर देते, ‘अति धार्मिक होऊ नकोस.’ पुढे हाच शौल नोब इथल्या याजकांची कत्तल करवतो, तेव्हा आकाशवाणी म्हणते, ‘अति दुष्ट होऊ नकोस.’ इथे उत्तर समाधानकारक नाही, आणि ते तसं आहे असं भासवूही नये. शौलाच्या युक्तिवादाचं खंडन कोणी केलेलं नाही, त्याला फक्त गप्प केलंय. पण ज्या राजाची दया एका ठिकाणी फाजील ठरली त्याचीच क्रूरता दुसरीकडे निरपराधांवर तुटून पडली, हे एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांना दोन्ही धोके ठाऊक होते. हा उतारा मी कधीच गाळत नाही.

रंबामने सात राष्ट्रांबद्दल ‘स्मरण नाहीसं झालं’ असं लिहिलं, अमालेकाबद्दल लिहिलं नाही. त्या मौनावर पुढे बरंच बांधलं गेलं. अनेक निर्णयकारांनी, म्हणजे धर्मनियमांवर निकाल देणाऱ्या रब्बींनी, सन्हेरीबाचा नियम अमालेकालाही लावला. तलमूद तर म्हणतो की ज्यूंचा नाश करू पाहणाऱ्या पर्शियाच्या मंत्री हामानाचे, म्हणजे परंपरेने अमालेकाचेच वंशज पुढे बने ब्राक इथे तोरा शिकवत होते. वंश नाशास पात्र असता तर असं कसं झालं असतं? हसिदी या भक्तिपंथाच्या गुरूंनी अमालेक मनातल्या संशयात शोधला. पण विसाव्या शतकात रब्बी योसेफ सोलोवेइचिक यांनी वडिलांच्या नावे वेगळा विचार मांडला: जे कोणी ज्यूंचा संहार करायला उठतं ते अमालेकच. नाझी संहारानंतर ही भावना समजते. तरीही मला ती धोक्याची वाटते, कारण वंशाची अट काढली की हे नाव कोणालाही चिकटवता येतं.

तसं घडलंही. २५ फेब्रुवारी १९९४ ला, हामानापासून सुटकेची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या पुरीम सणाच्या दिवशी, हेब्रोनमध्ये बारूख गोल्डस्टाइनने नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना ठार मारलं. इस्राएलच्या मुख्य रब्बींनी त्याचा धिक्कार केला, पण काहींनी त्याला हुतात्मा मानलं आणि अमालेकाच्याच भाषेत त्याचं समर्थन केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये, हमासच्या हल्ल्यानंतर, पंतप्रधान नेतान्याहूंनी ‘अमालेकाने काय केलं ते आठवा’ ही ओळ उच्चारली. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ती हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराच्या खटल्यात पुरावा म्हणून मांडली, तर नेतान्याहूंच्या कार्यालयाने सांगितलं की रोख हमासवर होता. माझं मत मी स्पष्ट सांगतो: कोणत्याही जिवंत समाजाला अमालेक म्हणण्याचा अधिकार हलाखाने, म्हणजे ज्यू धर्मकायद्याने, कोणाही नेत्याला दिलेला नाही. ७ ऑक्टोबरला ज्यांची माणसं मारली गेली त्यांचं दुःख मला परकं नाही, आणि गाझातल्या मुलांचंही नाही. म्हणूनच या नावाचा वापर थांबावा असं मला मनापासून वाटतं.

मग आज युद्धाचं काय? मिश्नाने युद्धाचे प्रकार पाडले: आज्ञेचं आणि ऐच्छिक. ऐच्छिक युद्धाला, म्हणजे राज्य वाढवायला किंवा कीर्तीसाठी केलेल्या युद्धाला, राजा आणि सान्हेद्रिन, म्हणजे तेच ७१ जणांचं न्यायमंडळ, यांची परवानगी लागते. दोन्ही आज नाहीत, त्यामुळे तो प्रकार व्यवहारात मिटला. आज्ञेच्या युद्धात रंबाम सात राष्ट्रं, अमालेक आणि ‘चालून आलेल्या शत्रूपासून इस्राएलला वाचवणं’ हे तीन धरतो. आज चालू असलेला तेवढा तिसराच. खरी भांडणं तिथे आहेत: शत्रू हल्ला करेल या भीतीने आधीच वार करणं बचावात येतं का? तलमूदातच यावर रब्बी यहुदा आणि इतरांचा मतभेद आहे.

नियम प्रत्यक्षात कसे भिडतात याचं एक उदाहरण. रंबामचा नियम आहे की नगराला चारी बाजूंनी वेढा घालू नये, पळून जिवंत राहू इच्छिणाऱ्यांसाठी चौथी बाजू मोकळी ठेवावी. १९८२ मध्ये इस्राएली सैन्याने बैरूतला वेढा घातला तेव्हा सैन्याचे पहिले मुख्य रब्बी राहिलेले श्लोमो गोरेन यांनी हाच नियम पुढे करून एक बाजू उघडी ठेवा असं म्हटलं. रब्बी शाऊल यिस्राएली यांनी विरोध केला. जवळजवळ दोन हजार वर्षं ज्यूंच्या हाती सैन्यच नव्हतं, त्यामुळे ही सगळी चर्चा अभ्यासगृहापुरती होती. आता ती रणांगणावर आली आहे आणि म्हणूनच जुन्या अटी आज पूर्वीपेक्षा जास्त लागतात.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, मूर्तींचा. इथे तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ज्यूने स्वतः मूर्तिपूजा करू नये, हे निरपवाद आहे. जीव गेला तरी करायच्या नाहीत अशा तीन गोष्टींत ती येते. दुसरं, इतरांच्या मूर्तींचं काय करायचं? मूर्ती शोधून शोधून नष्ट करण्याची आज्ञा रंबामच्या शब्दांत इस्राएलच्या भूमीपुरती आहे, बाहेर ती लागू नाही. आणि त्या भूमीतही रोमन सत्तेखाली रब्बान योखानान बेन झक्काईंचा सल्ला होता: परक्यांच्या वेद्या पाडायची घाई करू नका, नाहीतर त्या तुम्हालाच आपल्या हातांनी पुन्हा बांधाव्या लागतील. अक्को इथे रब्बान गम्लिएल आफ्रोदितीची मूर्ती असलेल्या स्नानगृहात आंघोळीला गेले. प्रोक्लोस नावाच्या माणसाने विचारलं, हे कसं चालतं? ते म्हणाले, मी तिच्या हद्दीत आलो नाही, ती माझ्या हद्दीत आली. स्नानगृह देवीसाठी बांधलेलं नव्हतं, मूर्ती तिथे शोभेला होती. एकेश्वरवाद्याने मूर्तींनी भरलेल्या शहरात कसं जगायचं याचं हे साधं उत्तर आहे.

तिसरं, पुजणाऱ्या माणसाबद्दल काय मत ठेवायचं? तलमूदात रब्बी योखानान म्हणतात की इस्राएलबाहेरचे लोक खऱ्या अर्थाने मूर्तिपूजक नव्हेत, ते वाडवडिलांचा रिवाज चालवतात. परधर्मी गरिबांना ज्यू गरिबांबरोबर मदत करा, त्यांच्या आजाऱ्यांना भेटा, त्यांच्या मृतांचं दफन करा, असा नियम आहे. रंबाम त्यासाठी ‘परमेश्वर सर्वांना चांगला आहे’ ही स्तोत्रातली ओळ आधाराला घेतो. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या पेर्पिन्यांचे विद्वान मेइरी याहून पुढे गेले: धर्माच्या मर्यादा पाळणाऱ्या राष्ट्रांना जुने कठोर नियम लागूच नाहीत. त्यांच्यासमोर ख्रिस्ती आणि मुसलमान होते. हिंदूंना हे लावायचं का यावर आज वाद आहे. २००८ मध्ये यरुशलेममध्ये हिंदू आणि ज्यू धर्मनेत्यांच्या परिषदेने असं निवेदन काढलं की हिंदू अनेक रूपांतून एकाच परमतत्त्वाला भजतात. उलट २००४ मध्ये यरुशलेमचे ज्येष्ठ निर्णयकार रब्बी एल्याशिव यांनी निर्णय दिला की तिरुपतीला वाहिलेल्या केसांचे टोप ज्यू स्त्रियांनी (धार्मिक विवाहित स्त्रिया केस झाकायला ते घालतात) वापरू नयेत, कारण ते मूर्तीला अर्पण आहे. ब्रुकलिनमध्ये लोकांनी महागडे टोप जाळले. हा निर्णय मला कठोर वाटतो, पण त्याचा रोख पाहा: स्वतःच्या डोक्यावर काय घालावं, एवढाच. तिरुपतीच्या भक्ताला त्यातून काहीच सांगितलेलं नाही.

कोकणातल्या आमच्या पूर्वजांकडे तलमूद नव्हता. त्यांना शमा ही प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि खाण्याचे नियम माहीत होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. घरात मूर्ती नाही आणि शेजाऱ्याच्या देवाला हात नाही, ही रीत त्यांनी रंबाम न वाचता पाळली. आजही आमच्यातला काटेकोर माणूस गणपतीत शेजाऱ्यांकडे जातो, बसतो, मुलांचं कौतुक करतो, पण नैवेद्य दाखवलेला मोदक खात नाही, कारण अर्पण केलेल्या वस्तूचा उपभोग त्याला मना आहे. सगळे इतके काटेकोर नसतात, काही जण सरळ घेतात. कोणी नम्रपणे नको म्हटलं तर तो नियम त्याने स्वतःसाठी पाळलेला असतो, आणि नैवेद्याआधी बाजूला काढून ठेवलेला मोदक चालेल का हे त्यालाच विचारलेलं बरं.